महाराजांच्या डोक्यावर विलायती मुकुट कशाला? मुंबईतल्या गणेशोत्सव मंडळांना खुलं पत्र

प्रति,
मुंबईतल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे सर्व कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार.

आषाढ लागला की तुमची पावलं आमच्या परळच्या कारखान्याकडे वळायला लागतात. गेल्या रविवारी अशीच चार पोरं आली. देखावा ठरलेला होता, रायगडावरचा राज्याभिषेक. वर्गणीचा अंदाज ठरलेला, मांडवाचं माप ठरलेलं आणि चित्र मोबाइलमध्ये. चित्रात महाराज उंच पाठीच्या लाल मखमली खुर्चीवर बसलेत. अंगावर पांढऱ्या केसाळ किनारीचा पायघोळ झगा, डोक्यावर कमानींचा सोन्याचा मुकुट, मुकुटाच्या शेंड्यावर एक गोळा आणि गोळ्यावर बारीकसं काहीतरी. मी चष्मा लावून चित्र मोठं करून बघितलं. क्रूस होता.

"काका, सेम टू सेम पाहिजे," त्यांच्यातला म्होरक्या म्हणाला.

त्यांना चहा पाजला आणि आठवड्याने या म्हणालो. मधल्या आठवड्यात हे पत्र लिहितोय, कारण असं चित्र घेऊन येणारी ती चौघंच नाहीत. आणि दुसरं म्हणजे असा मुकुट करून देणाऱ्यांत एके काळी मीही होतो.

तेव्हा मी नुकता स्वतःच्या हिमतीवर कामं घ्यायला लागलो होतो. फायबर आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पुठ्ठा, कागदाचा लगदा, मैद्याची खळ आणि वरून सोनेरी बेगड, एवढ्यावर आम्ही अख्खा दरबार उभा करायचो. राज्याभिषेकाची पहिलीच ऑर्डर होती. राजाचा मुकुट कसा असतो? घरात विलायती बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता, झाकणावर इंग्लंडच्या राणीचं चित्र. मी तो डबा समोर ठेवला आणि मुकुट हुबेहूब उतरवला. कमानीला कमान जुळली. खडे बसवले, आतून लाल साटीन लावलं. झाला असा झकास की मी स्वतःच हरखून गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटलेले एक गिरणीकामगार, हातात जेवणाचा डबा, देखाव्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला बोलावून म्हणाले, "पोरा, हात चांगलाय तुझा. पण महाराजांच्या डोक्यावर क्रूस कशाला चढवलास?" पायाखालची जमीन सरकली. त्या रात्री मांडव बंद झाल्यावर शिडी लावून चढलो आणि चाकूने तो क्रूस कापून काढला. त्या जागी घाईघाईत एक मणी चिकटवला. तरी बेगडाखालचा पांढरा पुठ्ठा कापल्या जागी दिसत राहिला, पार अनंत चतुर्दशीपर्यंत.

त्या म्हाताऱ्याच्या बोलण्याने मला वाचायला लावलं. बखरी वाचल्या, इंग्रजांच्या पत्रांची मराठी भाषांतरं वाचली, रायगडावर चार वेळा जाऊन आलो. आणि हळूहळू लक्षात आलं की चूक नुसती क्रूसाची नव्हती. मुळात मुकुटाभोवती राज्याभिषेक रचायचा, हीच कल्पना उसनी होती.

आपली भाषाच बघा ना. राजाला आपण काय म्हणतो? छत्रपती. छत्राचा धनी. शिवराई होन, म्हणजे महाराजांचं सोन्याचं नाणं, हातात घेतला तर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', एवढंच. घरातला कर्ता माणूस गेला की आपण म्हणतो, डोक्यावरचं छत्र हरपलं. राज्य बदललं की तख्त पालटतं. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. आपला राजा गादीवर बसतो, छत्राखाली बसतो. मुकुट आपल्याकडे देवाला असतो, दशावतारातल्या राजाला असतो, लग्नात नवऱ्याला बाशिंग असतं. 'काटेरी मुकुट' हा पेपरवाल्यांचा लाडका शब्द, तोही बायबलातून आलाय. आणि मूळ शब्दच घ्या, राज्याभिषेक. अभिषेक म्हणजे पाणी. इंग्रजीत त्याच सोहळ्याचं नाव मुकुटावरून पडलंय, आपल्याकडे पाण्यावरून. देखावा उभा करणाऱ्याला एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

आता रायगडावर त्या दिवशी काय काय होतं ते सांगतो. त्यातला मोठा भाग आपल्याला कळतो तो एका मुंबईकरामुळे, हे तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? त्याचं नाव हेन्री ऑक्झिंडेन. ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस. १६७४ च्या मे महिन्यात मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए याने त्याला वकील म्हणून रायगडाला धाडलं. सोबत दुभाषा नारायण शेणवी आणि नजराण्यात हिऱ्यांचा शिरपेच, हिरेजडित कडी, मोती. सोहळ्याचं कौतुक करायला तो गेला नव्हता. राजापूरच्या वखारीची नुकसानभरपाई आणि व्यापाराची सवलत हवी होती. महाराज तेव्हा प्रतापगडाला गेले होते, भवानीला सोन्याचं छत्र वाहायला. स्वतःच्या डोक्यावर छत्र धरवण्याआधी देवीला छत्र. तुमच्या देखाव्याला निवेदन असतं ना, त्यात हे एक वाक्य घाला, लोक थबकून ऐकतील.

६ जूनच्या सकाळी ऑक्झिंडेन दरबारात हजर होता. त्याने जे बघितलं ते कंपनीला लिहून कळवलं. व्यापाऱ्याची नजर, किंमत करणारी. म्हणून त्याचं वर्णन आम्हा कारागिरांच्या फार कामाचं. राजा भव्य सिंहासनावर बसला होता. सिंहासनाच्या खालच्या पायरीवर फक्त तिघं बसलेले: संभाजीराजे, मोरोपंत पेशवे आणि एक थोर ब्राह्मण. बाकी सगळे सरदार अदबीने उभे. (तुमच्या देखाव्यात अष्टप्रधान दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर बसवलेले असतात, सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे. उभे करा त्यांना. पुतळ्यांचा खर्चही तेवढाच येतो.)

आणि सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना मुलामा दिलेल्या भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हं होती. उजव्या हाताला मोठमोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखं. डाव्या हाताला घोड्यांच्या शेपट्या, आणि एका खूप उंच भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. तराजू न्यायाचा, हे ऑक्झिंडेननेच लिहून ठेवलंय. मासे समुद्रावरच्या सत्तेचे आणि शेपट्या घोडदळाच्या, असा अर्थ पुढे अभ्यासकांनी लावला. माशांचा मान मोगल दरबारातही होता, माही मरातब म्हणतात तो. भाल्याला घोड्याची शेपटी बांधायची रीत तुर्कांकडून आलेली. म्हणजे बघा, ज्या खुणा हिंदुस्थानातले बादशहा मिरवत होते, त्या इथे एका मराठ्याने आपल्या तख्ताशेजारी रोवल्या. महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने लिहिलंच आहे, 'मऱ्हाटा पातशहा येवढा छत्रपती जाहला, ही गोष्ट काही सामान्य झाली नाही.' भटजींचे मंत्र सगळ्यांनाच कळले असतील असं नाही, पण भाल्यावरचा मासा गोवळकोंड्याच्या वकिलालाही कळला असता आणि दिल्लीच्या हेरालाही.

मुंबईतल्या देखाव्यांत मी तो मासा क्वचित बघितलाय. तराजू असतो, पण चुकीचा. इथेही मी माती खाल्लेली आहे म्हणून सांगतो. त्या सोहळ्यात तराजू दोन होते. एक न्यायाचा, भाल्याच्या टोकावरचा, छोटा. दुसरा तुळेचा. राज्याभिषेकाआधी महाराजांची सुवर्णतुला झाली. सोळा हजार होनांच्या वजनाचं सोनं लागलं, असं ऑक्झिंडेन लिहितो. मी एका वर्षी दोन्हींचा घोळ करून सिंहासनाशेजारी माणूस बसेल एवढा तराजू टांगला होता. लहान मुलं विचारायची, यात कोण बसणार?

वाड्याच्या दारात काय होतं तेही त्याने टिपलंय. दोन्ही बाजूंना लहान हत्ती आणि सोन्याच्या साजाचे देखणे घोडे. इतक्या अवघड वाटेने हे हत्ती वर चढवले कसे, याचं त्याला भारी नवल वाटलं. पाचाडच्या बाजूने पायऱ्या चढून वर गेलेल्या कुणालाही वाटेल.

अभिषेकाचा भाग बखरीत सविस्तर आहे आणि देखाव्याला तो फार छान उतरतो, पण आजवर कुणी नीट केलेला मी पाहिला नाही. आठ प्रधान आठ दिशांना. मुख्य चार दिशांना कलश: पूर्वेला पेशवे, सोन्याच्या कलशात तूप. दक्षिणेला सेनापती हंबीरराव मोहिते, रुप्याच्या कलशात दूध. पश्चिमेला अमात्य, तांब्याच्या कलशात दही. उत्तरेला पंडितराव, सोन्याच्या कलशात मध. उरलेल्या चार उपदिशांना छत्र, पंखा आणि दोन चामरं धरलेले चौघं. मधे काशीहून आलेले गागाभट्ट. चलचित्र करायचं असेल तर यापरतं सोपं काही नाही: एका मोटरवर फिरतं चक्र, आठ हात आळीपाळीने वर. स्पॉटलाइट महाराजांच्या तोंडावर मारायचा सोडून एकेका कलशावर फिरवा.

सिंहासनाबद्दल दोन शब्द. सभासद सांगतो, बत्तीस मण सोन्याचं, खजिन्यातली निवडक रत्नं जडवलेलं. लगेच तुमचा कुणीतरी कॅल्क्युलेटर काढतो आणि फलकावर 'तब्बल इतके किलो, आजची किंमत इतके कोटी' असं छापून मोकळा होतो. मण सगळीकडे एका वजनाचा नव्हता. बत्तीस मणच लिहा, मराठी माणसाला मण कळतो. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी वाडा जाळला. आज तिथे चौथरा आहे, त्यावर मेघडंबरी आणि बसलेल्या महाराजांचा पुतळा. तिथे उभं राहून नगारखान्याकडे बघा, अंतराचा अंदाज येतो. आपला मांडव तीस फुटांचा, हे विसरू नका. तेवढ्यात सिंहासन, नगारखाना आणि टकमक टोक कोंबायला जाऊ नका.

आता त्या मोबाइलमधल्या मुकुटाची कुळकथा. तो आपल्याकडे आला कसा? वाट आपल्याच बंदरावरून जाते. २ डिसेंबर १९११ ला पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, दिल्ली दरबाराला जाण्यासाठी. इंग्लंडचे राजमुकुट देशाबाहेर न्यायची मुभा नव्हती, म्हणून त्या एका दरबारासाठी गॅरर्ड या सराफी पेढीकडून नवा मुकुट करवून घेतला. सहा हजारांवर हिरे, वजन किलोला जरा कमी, खर्च साठ हजार पौंड. हे पैसे गेले हिंदुस्थानच्या तिजोरीतून. १२ डिसेंबरला राजा तो घालून दरबारात आला. तिथे त्याच्या डोक्यावर कुणी मुकुट चढवला नाही, तो चढवूनच आला होता. साडेतीन तास घातला आणि रात्री रोजनिशीत लिहिलं की डोकं दुखलं, फार जड आहे. त्यानंतर कुठल्याही राजाने तो दरबारात घातलेला नाही. आता लंडनच्या टॉवरमध्ये काचेआड आहे. म्हणजे आपल्या पैशाने केलेला, एक दिवस वापरलेला आणि घालणाऱ्यालाच दुखलेला मुकुट. कॅलेंडरांत, नाटकाच्या पडद्यांवर आणि आता मोबाइलमध्ये राजा म्हटला की याच घराण्यातला मुकुट उगवतो.

जाता जाता आपल्या धंद्यातली एक गंमत. राजा उतरला तेव्हा गेटवे ऑफ इंडिया नव्हतं. स्वागताला तात्पुरता मंडप उभारला होता, आपण मांडव घालतो तसाच. पायाचा दगड बसला मार्च १९१३ मध्ये आणि कमान लोकांसाठी खुली झाली डिसेंबर १९२४ मध्ये. तेव्हा 'मांडवाचं काय, अकरा दिवसांचा खेळ' असं माझ्यासमोर म्हणू नका.

आणि इंग्रजांवर उगाच डूख धरायचंही कारण नाही. त्यांच्याही सोहळ्यात सगळ्यात पवित्र क्षण मुकुटाचा नसतो, तेलाचा असतो. १६४९ मध्ये राजाचं डोकं उडवल्यावर पार्लमेंटने जुने मुकुट वितळवून टाकले. तेल लावायचा बाराव्या शतकातला एक चमचा तेवढा वाचला, कारण राजवाड्यातल्याच एका नोकराने तो सोळा शिलिंगांना विकत घेतला आणि नवा राजा आल्यावर परत केला. आजचा मोठा मुकुट १६६१ चा, म्हणजे आपल्या राज्याभिषेकाआधी जेमतेम तेरा वर्षं. २०२३ मध्ये चार्ल्स राजाला तेल लावलं तेव्हा भोवती पडदे धरले होते, कॅमेऱ्यालाही दाखवलं नाही. मुकुट मात्र साऱ्या जगाने पाहिला. अभिषेक त्यांच्याकडेही आहे. आपण त्यांच्याकडून नेमका मुकुट तेवढा उचलला.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. महाराजांच्या डोक्यावर मंदील किंवा पगडी असू द्या, तिला मोत्याचा तुरा आणि शिरपेच. त्यांच्या काळातल्या किंवा लगेच नंतरच्या, आज परदेशी संग्रहांत असलेल्या चित्रांत ते तसेच दिसतात. आणि मुकुटावर जो खर्च करणार होतात तो छत्रावर करा. छत्र म्हणजे बीचवरची छत्री नव्हे. झालर हवी, वर कळस हवा, दांडा सरळ हवा. शेजारी दोन अब्दागिऱ्या. अब्दागीर मूळ फारसी शब्द, आफताब म्हणजे सूर्य, ऊन अडवणारी ती. पिंपळपानासारखा आकार, कापडावर जरीकाम. कशी दिसते हे मला विचारू नका, आषाढात आळंदीच्या पालखीबरोबर चालताना बघा. छत्र, अब्दागिरी, चवऱ्या सगळं तिथे आहे; राजांचे दरबार गेले, देवाचा दरबार अजून तसाच चालू आहे. आमच्याकडे येणारी निम्मी पोरं दरवर्षी वारीला जातात आणि तरी चित्र शोधतात मोबाइलमध्ये.

थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे मासे लगद्याचेच होतील आणि ते बरंच. लगद्याला दात छान निघतात. एक मत्स्यमुख मी नमुन्यादाखल करून ठेवलंय, दीड फुटाचं. अजून सुकायचंय, पावसात चार दिवस जास्त लागतात. घोड्यांच्या शेपट्यांना तागाचा झुपका लावू नका, वाऱ्यावर हलत नाही. नाटकवाल्यांकडे खोट्या केसांची जुनी गंगावनं मिळतात, ती काळी करून बांधली की पंख्याच्या झोतात अशी हलतात की बघत राहावं. तराजू पितळेचा घ्या, भुलेश्वरला सोनारांची छोटी काटापारडी मिळतात. दोन्ही पारडी सारखी राहतील अशी आतून तार मारून देईन. देखाव्याला गर्दी झाली की मांडव हलतो, आणि न्यायाचा तराजू दहा दिवस डुगडुगत राहिलेला बरा दिसत नाही.

त्या चौघा पोरांना, वाचत असाल तर: रविवारी या, दुपारी तीननंतर. मजुरी मुकुटाचीच घेईन, छत्राचे जास्त लावणार नाही. फक्त छत्राचा दांडा अकरा फुटांचा लागतो, तेव्हा मांडवाची उंची आधी मोजून या. मधल्या आडव्या वाशापर्यंतची, कडेची नको.

तुमचा,
परळच्या कारखान्यातला एक जुना कारागीर